रसावरची मळी

आमच्या घरात दारूचं नाव निघालं की आई कानांवर हात ठेवायची, आणि त्याच घरात सतराव्या वर्षी मला सफरचंदाच्या दारूचे चार प्रकार नुसत्या वर्णनावरून सांगता यायचे. कौतुक म्हणून सांगत नाही. कौतुक करण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही. पण परवा माझ्या मुलीने विचारलं, "आजी-आजोबा एकमेकांशी बोलायचे का नाहीत गं?" आणि मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. त्यानंतर दोन दिवस मला चैन पडेना. सिंगापूरच्या त्या फ्लॅटबद्दल मी आजवर पुष्कळ गोष्टी हसत हसत सांगितल्या आहेत. ही मात्र कुणालाच सांगितलेली नाही.

मरीन परेडला नवव्या मजल्यावर आम्ही राहत होतो. हॉलच्या खिडकीतून समुद्र दिसायचा आणि समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं. वरच्या मजल्यावर दुपारभर माजाँगच्या सोंगट्यांचा खडखडाट चालायचा, लिफ्ट आली की आमची भिंत हुंकार द्यायची, आणि स्वयंपाकघरात आईचा कुकर. आई दापोलीची, त्यामुळे परमुलुखातही तिने घावन, सोलकढी, कुळथाचं पिठलं सोडलं नाही. बाबा बावीस वर्षं जहाजावर होते, शेवटची नऊ चीफ इंजिनियर म्हणून. मग एका प्रवासात त्यांच्या छातीत कळ आली आणि कंपनीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की हा माणूस आता समुद्रावर जाण्यास योग्य नाही. कंपनीने मेहेरबानी करून वर्षभरासाठी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात एक खुर्ची दिली. बाबा सकाळी टाय लावून बसने जायचे, संध्याकाळी यायचे, टाय काढायचे आणि दुर्बीण घेऊन खिडकीत बसायचे. कुठलं जहाज कुठल्या कंपनीचं, ते धुराड्याच्या रंगावरून सांगायचे. ऐकणारी मी एकटीच. आई म्हणायची, "पुरे झालं, त्या बोटी काही तुम्हाला हाका मारत नाहीत."

वर्ष संपत आलं होतं. खुर्ची गेली की बाबांचा तिथे राहायचा पास जाणार, पास गेला की आमचाही, आणि आम्हाला गाशा गुंडाळून परतावं लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझं ज्युनियर कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर होतं. आईला मात्र परत जायचंच होतं. ती दिवसातून एकदा तरी म्हणायची, "घराला कुलूप लावून कुणाचं भलं झालंय? चला आपल्या दापोलीला." बाबा दुर्बीण उचलून खिडकीकडे वळायचे. दापोलीला जाऊन करणार काय, विहिरीवरचे पंप दुरुस्त? पन्नाशीही न गाठलेल्या माणसाला घरच्या अंगणात बसवून ठेवणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळत नव्हतं. पुढे वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं.

तर सायडर. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू. बाबा स्वतः पिणारे नव्हते, महिन्यातून एखादा पेला, बस. पण जहाज बंदराला लागल्यावर इतर लोक जिथे जायचे तिथे न जाता ते गावात शिरून विचारायचे, इथे सफरचंदाचं काय करता? हा छंद त्यांना कसा लागला देव जाणे. कोकणातल्या हर्णैच्या माणसाला सफरचंदाचं एवढं काय? पण सांगायला बसले की ऐकत राहावं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात म्हणे सफरचंदं इतकी तुरट की तोंडात घातली तर जीभ सुपारी खाल्ल्यासारखी आवळते. ती खायची नसतातच. त्यांचा रस लाकडी पिंपात महिनोन् महिने ठेवतात. त्याला फेस नाही, बुडबुडा नाही, रंग गढूळ, आणि चव रात्रभर भिजलेल्या चहाच्या पत्तीसारखी. भर हिवाळ्यात गावकरी जाऊन सगळ्यात म्हाताऱ्या झाडाच्या मुळाशी तीच दारू ओततात आणि फांद्यांना त्यात बुडवलेला भाजका पाव लटकवतात. आई हे ऐकून खूश झाली होती. "म्हणजे झाडाला नैवेद्य. एवढं तरी कळतं त्यांना."

जर्मनीतली आंबट आणि पातळ. ती निळ्या नक्षीच्या करड्या मातीच्या सुरईतून देतात आणि उकडलेल्या अंड्यांबरोबर पितात. हिच्याबद्दल बाबा फार बोलायचे नाहीत, कारण त्यांना ती आवडली नव्हती. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरची मात्र त्यांची लाडकी. तीही आंबट, पण तिथे बाटली डोक्याच्या वर धरायची, पेला कमरेखाली, आणि धार न बघता सोडायची. धार पेल्याच्या काठावर फुटली की क्षणभर फेस येतो. तो जायच्या आत दोन बोटं दारू एका घोटात पिऊन टाकायची, तळाचा थेंबभर जमिनीवर ओतायचा आणि पेला शेजाऱ्याला द्यायचा. सगळ्यांत मिळून एकच पेला. बाबांनी हे आम्हाला ताकाने करून दाखवलं. तांब्या वर, फुलपात्र खाली, मान ताठ. अर्धं ताक त्यांच्या लेंग्यावर आणि अर्धं फरशीवर. आई पदराने तोंड दाबून हसत होती. "अहो, ताक आहे ते, अभिषेक काय करताय!" त्या फ्लॅटमध्ये ती दोघं एकत्र हसलेली मला आठवतात, ती तेव्हा शेवटची.

चौथी फ्रान्सची, नॉर्मंडीची. ती गोड, हलकी, फेसाळ, तारेने बांधलेल्या बुचाची. पोरंटोरंसुद्धा जेवताना घोटभर घेतात म्हणे, काळपट पिठाच्या घावनांबरोबर. बाबा म्हणायचे, बाकी तिघांची दारू आपोआप होते, ही करावी लागते. रसातली सगळी साखर आंबून गेली की उरते ती आंबट, बिनगोडीची दारू. ती तिघांची. गोडी मागे राखायची असेल तर आंबणं मध्येच मंद करावं लागतं, आणि त्याला लागते थंडी. "नुसती थंडी नाही नीलू. रसाने स्वतः कबूल व्हावं लागतं." म्हणजे काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, तिकडे येते.

आंद्रे साहेब याच नॉर्मंडीचे. एके काळी ते बाबांच्या जहाजावर चीफ ऑफिसर होते. नोकरी सोडून, एका चिनी भागीदाराबरोबर सिंगापुरात रेस्टॉरंट काढायच्या खटपटीत होते. तिथल्या तिथे बीअर बनवायची आणि लोकांच्या समोर पिंपातून द्यायची, असं काहीतरी. परवाना वगैरे सगळं झालं होतं. त्यांना हवा होता एक इंजिनियर, जो पिंपं, बॉयलर आणि थंडगार खोल्या सांभाळेल. एका रविवारी आमच्याकडे घावन खात असताना त्यांना आपल्या आजीची सायडर आठवली आणि ते बाबांना म्हणाले, "या उकाड्यात तू माझ्या आजीसारखा रस लावून दाखव. मी भागीदाराला सांगतो, हाच आपला माणूस." गंमतीत म्हणाले की खरं, कोण जाणे. बाबांनी ते खरं धरलं. नोकरीचं पत्र म्हणजे नवा पास. नवा पास म्हणजे माझी परीक्षा, पुन्हा हातात यंत्रं, हे सगळं त्यांनी त्या घावनाच्या ताटलीवरच मांडून टाकलं असावं. आंद्रे साहेब गेल्यावर ते मला म्हणाले, "सफरचंदं किती लागतील गं?"

लागली पोत्याने. आमच्या बाजारात एक म्हातारा चिनी फळवाला होता, त्याला सगळे अंकल म्हणायचे. डाग पडलेली, ठेचलेली सफरचंदं तो आईच्या पिशवीत ओतायचा. "धिस वन स्पॉइल ऑलरेडी, टेक लाह, टेक." आई लाजेने अर्धमेली व्हायची. घरी आल्यावर बाबा ती किसायचे आणि पंच्यात बांधून पिळायचे. एकदा त्यांनी आईचं पुरणयंत्र काढलं तर तिने ते हातातून हिसकावून घेतलं. "होळीचं पुरण निघतं यातून. दारूचं बोट लावाल तर याद राखा." शिवाय घरी दारू बनवायला तिथे त्या काळी बंदी होती. शेजारच्या बाईंनी वास येतो म्हणून सहज विचारलं की आई लगबगीने दार लोटून घ्यायची. आधीच पास जायची टांगती तलवार, त्यात हे. दुष्काळात तेरावा महिना.

आणि रस टिकेना. सिंगापूरची हवा म्हणजे बारा महिने मे महिना. तिसऱ्या दिवशी रस फसफसायचा, आठव्या दिवशी त्याचं व्हिनेगर. आई ते कांद्यावर ओतून कोशिंबिरी करायची आणि बाबा मान खाली घालून त्या खायचे. एका खेपेला रसावर पांढरी साय धरली, पातळ, सुरकुतलेली. कॉलेजातून आल्यावर मला ती दिसली होती, पण मी म्हटलं बाबा आल्यावर बघतील. बाबा संध्याकाळी आले, वास घेतला आणि भांडं मोरीत ओतलं. मला म्हणाले, "दिसल्याबरोबर काढली असतीस तर वाचला असता. वर काही धरलं की थांबायचं नसतं." रागावून नाही म्हणाले. पण मी ते मनात घट्ट बांधून ठेवलं. मी तशी आगाऊ, आणि चूक दाखवली की ती पुन्हा होऊ द्यायची नाही, हा माझा हट्ट. इतकी वर्षं झाली, अजून आहे.

मग त्यांनी एक जुना फ्रिज आणला. दार नीट न लागणारा, गंज धरलेला. आठवडाभर त्याच्याशी झटून बाबांनी तो असा चालवला की आतला पारा अर्ध्या अंशानेही हलत नव्हता. त्यात मोठं स्टीलचं पातेलं, पातेल्यात रस. पातेल्यात त्यांनी थोडी चुन्याची निवळी घातली. चुना पाण्यात कालवून ठेवला की वर येतं ते स्वच्छ पाणी. लहान मुलांच्या पोटदुखीवर देतात ते. आई म्हणाली, "आता त्या रसाला बाळसं धरवणार की काय?" बाबा म्हणाले, फ्रान्सात खडू घालतात, आपल्याकडे चुना आहे. आणि फ्रिजवर त्यांनी वही बांधली. जहाजावर इंजिनरूममध्ये चार-चार तासांच्या पाळ्या असतात, वॉच म्हणतात त्याला. प्रत्येक वॉचला आकडे लिहायचे, सही करायची. आमच्याकडेही तेच. बाबा घरी असले की त्यांचा वॉच, ऑफिसात गेले की माझा. मीही सही करायचे, लफ्फेदार. "वॉच तुझ्याकडे," असं म्हणून ते टाय नीट करत निघायचे तेव्हा मला जग जिंकल्यासारखं वाटायचं.

पण एक गोष्ट ते मला सांगत नव्हते. रस कधी झाला हे कळणार कशावरून, मी विचारलं की ते ओठांवर बोट ठेवायचे. त्यांच्या इंजिनरूमची रीतच होती ती. बंदर दिसेपर्यंत बंदराचं नाव घ्यायचं नाही. इंजिन छान चाललंय असं कुणी म्हटलं तर त्याला पाळीवरून हाकलायचे. चांगलं व्हायचं असेल ते बोलून दाखवलं की होत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. काय बिघडू शकतं त्याची यादी त्यांनी मला तोंडपाठ करवली. काय साधायचं आहे, ते एका शब्दाने सांगितलं नाही. मी आज स्वतःला पुष्कळ दोष देते, पण या एका गोष्टीचा दोष अजून त्यांच्याच पदरात टाकते.

त्या दिवशी शनिवार होता. आंद्रे साहेब दुसऱ्या दिवशी महिनाभरासाठी फ्रान्सला निघणार होते आणि महिन्याच्या आत आमचा पास संपत होता. म्हणून ते संध्याकाळी पाच वाजता रस बघायला येणार असं ठरलं. बाबांनी सकाळी पातेलं उघडलं. रस गढूळच होता. त्यांनी आकडा लिहिला, सही केली आणि ऑफिसातले शेवटचे कागद परत करायला गेले. तिथूनच ते आंद्रे साहेबांना घेऊन येणार होते. जाताना नेहमीचं वाक्यही म्हणाले नाहीत. मीच म्हटलं, "वॉच माझ्याकडे ना?" त्यांनी मान हलवली. आई मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानाच्या बाजूला भाजी-किराणा आणायला गेली होती. पाहुणा येणार, तर बेत नको का?

बारा वाजता मी पातेल्यावरचं झाकण काढलं. रसावर बोटभर जाडीचा थर आला होता. तपकिरी, गुळाच्या रंगाचा, जेलीसारखा थलथलीत, मध्ये भेगा पडलेल्या. सकाळी नव्हता. संध्याकाळी पाहुणा हा रस बघणार होता आणि त्यावर ही घाण! वर काही धरलं की थांबायचं नसतं. मी थांबले नाही. दिवाळीच्या लाडवांना पाक करताना आई साखरेत दूध घालते, मळी वर येते, ती झाऱ्याने अलगद काढायची असते. लहानपणापासून ते काम माझं. मी झारा घेतला आणि कडेकडेने, एक तार मागे न ठेवता, सगळी मळी ताटात काढली. काय सुरेख काढली! खाली रस आरशासारखा निवळलेला होता. मला वाटलं, बघा, माझ्यामुळे केवढा स्वच्छ झाला. ताट मी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या चूटमध्ये उलटं केलं. नऊ मजले खाली. ती पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी निदान रस राहिला असता. पण आमच्या घरचा दुसरा नियम, नासायला लागलेलं उकळून घ्यायचं. दूध असो, आमटी असो, एक सणसणीत उकळी आणली की वेळ निभावते. मी पातेलं गॅसवर ठेवलं. चांगला खळखळून उकळला. वास थोडा उग्र वाटला म्हणून दोन वेलदोडे ठेचून घातले. मग पातेलं पाण्यात ठेवून गार केलं, परत फ्रिजमध्ये ठेवलं, वहीत आकडा लिहिला आणि सही केली. लफ्फेदार.

आई आली तेव्हा मी तिला सांगितलं, वर मळी आली होती, मी काढली आणि रस उकळला. ती पिशव्या ठेवता ठेवता म्हणाली, "बरं केलंस हो. पाहुण्यापुढे लाज गेली असती." मग आम्ही दोघींनी मिळून बटाटेवडे केले.

पाचला बाबा आणि आंद्रे साहेब आले. बाबा मुद्दाम घाई न करता बूट काढत होते. आंद्रे साहेब हसत आत आले, आईला नमस्ते म्हणाले, वडा उचलला. मग बाबांनी त्यांना फ्रिजपाशी नेलं, झाकण काढलं. दोघंही वाकले. मग आंद्रे साहेबांनी विचारलं, "व्हेअर इज द हॅट?"

टोपी कुठे आहे. मला काहीच कळलं नाही. आंद्रे साहेबच सांगू लागले, माझ्याकडे बघून, शाळेत शिकवतात तसं. त्यांच्या आजीच्या गावी रस थंडीत ठेवतात आणि वाट बघतात. रस कबूल झाला तर एके दिवशी वर तपकिरी टोपी चढते, खाली रस निवळतो. त्या टोपीखालचा रस हळूच काढून घ्यायचा, त्याचीच ती गोड सायडर होते. टोपी आली की घरातली म्हातारी माणसं क्रूस करतात. नाही आली तर वर्ष फुकट. "तुझे बाबा मला टोपी दाखवणार होते," ते म्हणाले.

बाबांनी बोट बुडवून रस चाखला. वेलदोडा. त्यांनी सावकाश वळून आमच्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरलेले नाही. मी तोंड उघडणार तोच आईने माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. "मी उकळला," ती म्हणाली. "वर मळी आली होती. मी काढून टाकली."

"कसली मळी?" बाबांनी विचारलं.

"पांढरी. मागे आली होती तशीच. सायीसारखी."

आणि मी मूर्ख. मला वाटलं, पांढरी म्हटलं तर रस खराब होता असं होईल, बाबांची लाज जाईल. मी म्हटलं, "नाही, तपकिरी होती. गुळासारखी. बोटभर जाड."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग, मी खरं सांगते, त्यांच्या तोंडावर क्षणभर आनंद फुलला. जहाज सुटल्यापासून न पाहिलेला. ते आंद्रे साहेबांकडे वळून म्हणाले, "इट केम! आंद्रे, इट केम. इन सिंगापूर!"

आंद्रे साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. विश्वास आहे, म्हणाले, पूर्ण विश्वास आहे. पण भागीदार विचारणार, तू काय पाहिलंस? आणि त्याच्याकडे दुसरा माणूस तयार आहे. "मी टोपी पाहिली असती तर भांडलो असतो." मग त्यांनी वेलदोड्याचा रस पेलाभर पिऊन घेतला, छान आहे म्हणाले, आणि गेले. भला माणूस. फ्रान्सहून परत आले तेव्हा आम्ही नव्हतो.

दार लावून बाबा आईला एवढंच म्हणाले, "तुला जायचंच होतं ना? चल." ती वड्यांचं ताट उचलून आत गेली. स्वयंपाकघरात मी रडत तिच्या अंगावर गेले, मी सांगते त्यांना, आत्ता सांगते. आईने मला गप्प केलं. "तुझी परीक्षा आहे, वय आहे, सगळं पुढे आहे. माझ्या अंगावर आधीच एवढं आहे, त्यात आणखी एक. चार दिवसांनी विसरतील." परीक्षा तिथे झालीच नाही. आणि ते विसरले नाहीत.

दापोलीला आल्यावर बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. तिथून समुद्र दिसत नाही. पंपसुद्धा कुणाचा दुरुस्त केला नाही. आईशी ते बोलायचे नाहीत. अगदी अबोला नव्हे, घर चालण्यापुरतं बोलायचे, तेही माझ्यामार्फत किंवा भिंतीकडे बघून. "चहा झाला असेल तर म्हणावं." माझं लग्न झालं, मी पुण्याला आले, मग भिंत तेवढी उरली. दर सुट्टीत मी ठरवून जायचे, या खेपेला बोलायचं. जेवताना शब्द ओठांपर्यंत यायचे आणि आई पान वाढता वाढता माझ्याकडे बघायची, नको म्हणून. मला ती नजर सोयीची होती. कबूल करते, सोयीची होती. गावात लोक म्हणायचे, बायकोने नवऱ्याची नोकरी घालवली. तेही आईने ऐकून घेतलं. आठ वर्षांपूर्वी ती गेली, श्रावणात, तीन दिवसांच्या तापाने. बाबा तिच्या उशाशी बसले होते. काही बोलले नाहीत.

मग बाबांना मी पुण्याला आणलं. गेल्या वर्षीच्या दिवाळीत मी लाडवांचा पाक करत होते आणि ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले होते. मी दूध घातलं, मळी वर आली, झाऱ्याने काढायला लागले. ते बघत होते. मग सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "तेव्हाही अशीच काढली असणार तू. पातेल्याच्या कडेला डागसुद्धा नव्हता."

माझा हात तिथेच थांबला. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिने पांढरी म्हटलं होतं," बाबा म्हणाले. "तिने पाहिलीच नव्हती. तू पाहिली होतीस. शिवाय वहीत सही तुझी."

"कधीपासून ठाऊक होतं?"

"तेव्हाच."

"मग आईला का छळलंत? इतकी वर्षं? तिचा काय दोष होता बाबा?" मी ओरडत होते. मला त्यांचा इतका राग आला होता की झारा त्यांच्या अंगावर फेकावा असं वाटलं.

"कुणावर तरी काढायला हवा होता राग," ते म्हणाले. "तुझ्यावर काढला असता तर तू निघून गेली असतीस. ती कुठे जाणार होती?"

"तिला कळलं होतं का? तुम्हाला ठाऊक आहे म्हणून?"

"नाही," बाबा म्हणाले. "मी कधी बोललोच नाही."

पाक पुढे गेला, कडक झाला, त्याचे लाडू काही वळले नाहीत. बाबा त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. माझ्या आईच्या बाजूने एक वाक्य बोलू शकतील अशी जगात दोन माणसं होती. वीस-बावीस वर्षं दोघंही तिच्या हातचं जेवलो, आणि दोघंही गप्प राहिलो.